पाठभेद, स्थान आणि उत्तरदायित्व

संहिताचिकित्सेला स्थानाची कल्पना नवी नाही. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत तुकारामांची गाथा प्रसिद्ध केली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील प्रती आधाराला घेतल्या गेल्या. पंढरपूर वगळता ही सारी गावे आज पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत. तुकारामांचे लेखनिक मानले जाणारे संताजी जगनाडे यांचे नावही परंपरेने चाकणशीच जोडले आहे. एक-दोन दिवसांच्या पायी वाटेवरील या गावांत एकाच कवीची रचना निरनिराळी लिहिली गेली. शब्द बदलले, अभंगांचा क्रम बदलला, एका प्रतीतील अभंग दुसरीत आढळला नाही. संपादकांनी हे भेद दडवले नाहीत. ते तळटीपांत नोंदवले. त्यामुळे वाचकासमोर अभंगाबरोबर आणखी एक माहिती आली: आपण वाचतो तो पाठ कोठला आहे.

याच पट्ट्यात आज आणखी एक संहिता स्थानपरत्वे बदलते. गूगलसारख्या शोधयंत्राला विचारलेल्या एकाच शब्दाला मोशीत, निघोज्यात आणि लातुरात मिळणारी उत्तरे सारखी असतीलच असे नाही. भेदाचे स्वरूपही ओळखीचे आहे: काही नोंदी एका ठिकाणी असतात, दुसरीकडे नसतात, असलेल्यांचा क्रम बदलतो. यंत्र वाचकाचे स्थान जाळ्यावरील त्याच्या जोडणीच्या पत्त्यावरून, भ्रमणध्वनीतील उपग्रहाधारित यंत्रणेवरून आणि त्याच्या पूर्वीच्या वापरावरून ताडते. प्रश्न असा की स्थानपरत्वे बदलणाऱ्या या संहितेविषयी वाचकाला नैतिक तक्रार करता येते काय, आणि येत असल्यास ती नेमकी कशाविषयी?

तक्रार केवळ भेदाविषयी असू शकत नाही. स्थाननिरपेक्ष असे एखादे मूळ उत्तर कोठेतरी आहे आणि बाकीची सारी त्याची विकृत रूपे आहेत, हे गृहीतच टिकत नाही. ‘पिंपरी’ या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. महाळुंगे एक बालेवाडीलगत आहे, दुसरे चाकणलगत. अशा शब्दांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावरच ठरतो. किमान वेतनाचे दर राज्याराज्यांत वेगळे, महाराष्ट्रात परिमंडळांनुसारही वेगळे असतात. म्हणून चाकणच्या कामगाराला त्याच्या परिमंडळाचा दर प्रथम दिसणे हा अन्याय नव्हे, उपकारच आहे. अर्थाला स्थान असते, हे मराठी समीक्षेने देशीयतेच्या चर्चेत पुरेसे ऐकले आहे.

तथापि प्रश्न तीन प्रकारचे असतात, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. काही प्रश्नांच्या पोटातच स्थान असते. जवळचे रुग्णालय कोणते, हा त्यांपैकी एक. काही प्रश्नांना स्थान नसते. एखाद्या धातूचा वितळणबिंदू मोशीत आणि लातुरात एकच असतो. तिसऱ्या प्रकारात विचारणारा एका ठिकाणी असतो आणि प्रश्न दुसऱ्या ठिकाणचा असतो. चाकणच्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली माणसे काम करतात. औशाहून आलेला कामगार ‘तहसील कार्यालय’ असा शोध घेतो तेव्हा त्याला बहुधा गावाकडच्या सातबाऱ्याची चिंता असते. यंत्र मात्र त्याला खेड तालुक्याचा रहिवासी समजू शकते. यंत्राला कळते ते देहाचे ठिकाण. माणूस कोठला आहे हे त्याहून वेगळे असू शकते. स्थलांतरिताचे जगणे या दोहोंमधील अंतरातच चालते. आपले स्थान आपल्यावतीने गृहीत धरले गेले आहे हे ज्याला ठाऊक असते तो प्रश्नात गावाचे नाव घालतो. ज्याला ठाऊक नसते तो मिळालेले उत्तर हेच जगाचे उत्तर समजतो.

मग हे गृहीत धरणे तपासायचे कसे? येथेही संहिताचिकित्सेची शिस्त उपयोगी पडते. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दोन नकलांतही भेद पडतात. ते लेखनिकाच्या हातचे असतात, त्यांवरून स्वतंत्र पाठपरंपरा कल्पिता येत नाही. तसेच एकाच जागेवरून एकाच क्षणी केलेल्या दोन शोधांतही यंत्राच्या अंतर्गत कारणांनी फरक पडू शकतो. म्हणून शब्द, लिपी, भाषा आणि वेळ सारखी ठेवून प्रत्येक ठिकाणाहून शोधाची जोडी घ्यावी लागते. जोडीतल्या जोडीत पडणाऱ्या भेदाहून दोन ठिकाणांमधील भेद अधिक असेल, तरच तो स्थानाचा म्हणता येतो. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४० शोधशब्द ५९ ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून ३० दिवस तपासले गेले. अंतर वाढले तसा भेद वाढला; परंतु स्थानिक आस्थापनांच्या शोधात पानामागे चार-पाच नोंदी बदलल्या, तर सर्वसाधारण शब्दांत भेद जवळजवळ आढळला नाही. एली पॅरिसर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या, प्रत्येकाभोवती त्याच्या आवडीनिवडींचा बुडबुडा तयार होतो या भीतीला निदान स्थानापुरती या निष्कर्षाने मर्यादा घातली. अनेक भाषा आणि लिपींच्या देशाला तो जसाचा तसा लागू करता येणार नाही, हेही खरे.

भेद मर्यादित असला तरी नैतिक प्रश्न उरतोच. येथे एक आक्षेप संभवतो. वारकरी कोठे पाठभेद पाहतो? तो आपल्या फडाच्या परंपरेतला पाठ म्हणतो आणि त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. मग शोधयंत्राच्या वाचकानेच तळटीप का मागावी? या आक्षेपाचे उत्तर स्थान या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. देहूची प्रत म्हणजे एका गावाची, एका परंपरेची प्रत. तिच्यामागे ती जपणारी, म्हणणारी, चुकल्यास अडवणारी माणसे आहेत. कीर्तनात जमलेले सारे एकच पाठ ऐकतात. कोणी वेगळा शब्द उच्चारला तर शेजारचा तो सुधारतो. शोधयंत्राच्या स्थानामागे असा समुदाय नाही. ते केवळ नकाशावरील एक बिंदू आहे. त्या बिंदूवरचा पाठ कोणी जपलेला नाही, त्याची जबाबदारी कोणा गावाने घेतलेली नाही, आणि तो प्रत्येकाने एकट्याने वाचायचा आहे. जिथे समुदाय पाठाला जामीन असतो तिथे तळटीप नसली तरी चालते. जिथे कोणीच जामीन नसतो तिथे तळटीप हे किमान कर्तव्य ठरते.

गूगलच्या पानाच्या तळाशी यंत्राने गृहीत धरलेले ठिकाण दाखवण्याची रीत आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. हस्तलिखिताच्या अखेरीच्या पुष्पिकेसारखी ही नोंद आहे. पण पुष्पिका म्हणजे पाठभेदसूची नव्हे. ती ठिकाण सांगते. त्या ठिकाणामुळे काय पुढे आले आणि काय मागे पडले, हे सांगत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलने संकेतस्थळाच्या देशनिहाय पत्त्याऐवजी वाचकाच्या प्रत्यक्ष स्थानावरून उत्तरे देण्याचे धोरण जाहीर केले. देश निवडण्याची सोय सेटिंगमध्ये राहिली. परंतु केवळ पत्ता बदलून दुसरी प्रत उघडण्याची सोपी वाट त्यामुळे बंद झाली.

हा प्रश्न केवळ यंत्र चालवणाऱ्यांचा नाही. शोध घेतला असता अमुक आढळले नाही, असे विधान आता प्रबंधांतही येऊ लागले आहे. अभाव सिद्ध करणारे विधान सर्वांत जोखमीचे असते, कारण एका प्रतीत नसलेला अभंग दुसरीत असू शकतो. म्हणून अशा विधानासोबत शोधाचे ठिकाण, दिनांक, भाषा आणि लिपी नोंदवणे ही अभ्यासकाची जबाबदारी ठरते. गाथेच्या संपादकांनी दीडशे वर्षांपूर्वी प्रतीचे गाव सांगणे आवश्यक मानले होते. त्याच गावांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या वसाहतींतील कामगाराला आपण कोणती प्रत वाचतो आहोत हे कळण्याचा हक्क त्याहून कमी असण्याचे कारण नाही.