पत्रवाहकाचें इमान

दुसऱ्याचें पत्र फोडूं नये, हा धडा आपल्या घरोघरीं मुलांना लहानपणींच मिळतो. परंतु ज्याच्या हातून रोज सहस्रावधि पत्रें जातात, आणि तीं फोडण्याची आज्ञा ज्याला खुद्द त्याचा धनीच करतो, त्यानें काय करावें? हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. युरोपांतील एका सरदार घराण्यापुढें तो पिढ्यान् पिढ्या उभा होता.

टाक्सिस हें तें घराणें. मूळचें बर्गामोजवळच्या डोंगरी मुलखांतलें. १४९० मध्यें त्यानें हाब्सबुर्ग राजा मॅक्सिमिलियन याच्यासाठीं इन्सब्रुकपासून मेखलेनपर्यंत टपालाचा मार्ग घातला. युक्ति साधी होती. ठराविक अंतरावर एकेक ठाणें, तेथें ताजा घोडा व ताजा स्वार तयार. माणसें व जनावरें विसावा घेत, थैली मात्र घेत नसे. १५०५ च्या करारांत फ्रांट्स फॉन टाक्सिस यानें ब्रुसेल्सची थैली इन्सब्रुकला उन्हाळ्यांत साडेपांच व हिवाळ्यांत साडेसहा दिवसांत पोंचविण्याची हमी दिली. पुढें राजपत्रांबरोबर व्यापाऱ्यांचीं व इतर जनांचीं पत्रेंही दाम घेऊन जाऊं लागलीं. १६१५ मध्यें साम्राज्याच्या टपालाचें अधिपत्य या घराण्याकडे वंशपरंपरेनें आलें आणि १६९५ मध्यें त्याला प्रिन्सपदही मिळालें.

या वैभवाच्या माध्यान्हींचा पुरुष म्हणजे थुर्न उंड टाक्सिसचा आलेक्झांडर फर्डिनांड (१७०४–१७७३). १७३९ मध्यें टपालाचा कारभार त्याच्या हातीं आला आणि दुसऱ्याच वर्षीं सम्राट वारला. १७४२ मध्यें बव्हेरियाचा सातवा चार्ल्स सम्राट झाला, तेव्हां आलेक्झांडर त्याच्या बाजूस गेला. १७४५ मध्यें तोही वारला व मारिया थेरेसाचा पति फ्रान्सिस गादीवर बसला, तेव्हां यानें त्याच्याशीं जुळतें घेतलें. १७४८ मध्यें सम्राटाचा प्रतिनिधि म्हणून तो रेगेन्सबुर्ग येथें राहावयास गेला. तेथें साम्राज्याची संसद १६६३ पासून अखंड बसलेली होती. राजेरजवाड्यांचे वकील तिला हजर असत. त्यांची सरबराई करणें, नाटक-संगीतानें त्यांचें मन रमविणें, हें त्याचें काम.

याच काळीं व्हिएन्नांत पत्रें फोडण्याचें एक गुप्त खातें चालत असे. परकी वकिलांचीं पत्रें तेथें उघडलीं जात, त्यांच्या नकला होत, आणि मोहर पुन्हां बेमालूम बसवून तीं मार्गस्थ केलीं जात. टाक्सिसच्या टपालांतील कांहीं मोक्याच्या ठाण्यांवरही हा उद्योग चाले. म्हणजे ज्यांना प्रिन्सनें मेजवानीस बोलवावें, त्यांचीं पत्रें त्याच्याच खात्यांत सुरक्षित नसत.

त्याचा कैवार घेणारा म्हणेल: अधिकार सम्राटानें दिलेला, मग सेवाही सम्राटाचीच. यानें नाकारलें असतें तर दुसरा कोणी पुढें झाला असता. पत्रें फुटावयाचीं तीं फुटलींच असतीं. शिवाय बिचाऱ्या व्यापाऱ्याचें पत्र तर वेळेवर पोंचत होतें ना? हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. युद्धकाळीं राज्य राखणाराला शत्रूचें मन जाणण्याची गरज पडते, हें कोण नाकारील?

पण दाम देऊन पत्र स्वाधीन करणाराशींही एक करार झालेला असतो. त्यांत शब्द नसतात, इतकेंच. शिवाय ही चोरी स्वतःच्या बळावर जगत नाहीं. हिमांतून घोडा हांकणाऱ्या स्वारानें इमानानें जो विश्वास मिळविला, त्याच्यामुळेंच लोक पत्रें थैलींत टाकीत. ‘येथें पत्रें फोडलीं जातात’ अशी पाटी ठाण्यावर लावली असती, तर फोडावयास पत्रेंच उरलीं नसतीं. धाकट्याच्या इमानाची पुंजी थोरला गुपचूप खर्च करीत होता.

हें मीं कोणत्या अधिकारानें लिहावें? कॉलेजांत असतांना एका परिचितानें वडील बहिणीला देण्यासाठीं माझ्याजवळ एक पाकीट दिलें. मीं तें किटलीच्या वाफेवर उघडलें, वाचलें, पुन्हां चिकटवून ताईच्या हातीं ठेवलें. आंत कांहीं विशेष नव्हतें. कोणाचें नुकसान झालें नाहीं. कोणाला कळलेंही नाहीं. तरी त्यानंतर ताई विश्वासानें कांहीं सांगूं लागली, कीं ती माझ्याशीं बोलत नसून माझ्या जागीं असलेल्या दुसऱ्याच कोणा चांगल्या भावाशीं बोलत आहे, असें मला वाटे. ज्याचें पत्र फोडलें त्याला जखम दिसत नाहीं. म्हणून ती नसते असें नव्हे.

१ जुलै १८६७ रोजीं हें टपाल प्रशियानें ३० लक्ष थालर देऊन विकत घेतलें. घोडे, ठाणीं, हक्क, सर्वांची किंमत ठरली. आज आपले निरोप घोड्यावरून जात नाहींत. डोळ्यांस न दिसणाऱ्या कितीतरी हातांतून ते जातात, आणि ते हात वरचे हुकूम कसे पाळतात हें आपल्याला कळत नाहीं. त्यांना जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच. परंतु घरांतल्या किटलीचाही विचार व्हावा. ताई हें मासिक वाचते. हा अंक तिच्याकडे टपालानेंच जाईल. त्यापूर्वीं मी स्वतः जाऊन तिला सांगावें, असें ठरविलें आहे.