लहान गोळी आणि प्रमाद

शस्त्र जितके लहान तितकी त्याच्या हातून घडणारी हिंसाही लहान, हा समज सुशिक्षितांच्या मनातही इतका खोल रुजलेला असतो, की त्याला समज म्हणण्यापेक्षा श्रद्धा म्हणणेच अधिक योग्य ठरावे. तोफेचे भय सर्वांनाच वाटते, मोठ्या रायफलीपासूनही माणूस चार पावले दूर राहतो. परंतु पॉइंट टू-टूची हलकी बंदूक हाती आली, की तीच माणसे ती एखाद्या क्रीडासाहित्याप्रमाणे वागवू लागतात. राष्ट्रीय छात्रसेनेतील मुले चांदमारीच्या मैदानावर प्रथम जी रायफल उचलतात ती याच जातीची, आणि अमेरिकेतील खेड्यापाड्यांत बाप मुलाला नेमबाजीचे पहिले धडे देतो तेही हिच्यावरच. शिकाऊ हातांत दिली जाते त्या अर्थी ती निरुपद्रवी असलीच पाहिजे, असे अनुमान मग आपसूक निघते. वस्तुतः ती दिली जाते ती तिचा धक्का सौम्य, आवाज बेताचा आणि काडतूस स्वस्त म्हणून; म्हणजे हा सौम्यपणा चाप ओढणाऱ्याच्या खांद्यापुरता खरा, नळीच्या रोखावर जो कोणी उभा असेल त्याच्या बाजूने त्याला काहीही अर्थ नाही.

1887 च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आलेल्या ‘.22 लाँग रायफल’ या काडतुसातील शिशाची गोळी जाडीने साडेपाच मिलिमीटरांहून किंचित अधिक आणि वजनाने सुमारे अडीच ग्रॅम भरते. तळहातावर घेतली तर तिचे ओझेही जाणवू नये. तथापि कारखानदार स्वतःच तिच्या खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापत आले आहेत, आणि टणक जमिनीवर अथवा पाण्यावर तिरपी आदळलेली हीच गोळी उसळी मारून भलत्याच दिशेला जाते, हे नेमबाजांना पक्के ठाऊक असते. 1968 च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात रॉबर्ट केनेडी यांच्यावर जे रिव्हॉल्वर झाडले गेले ते .22 चेच होते. उजव्या कानामागून शिरलेल्या गोळीने एका दिवसाच्या अंतराने त्यांचा प्राण घेतला. 1981 च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांना लागलेली गोळीही तितकीच लहान, आणि तीही थेट आलेली नव्हे, तर मोटारीच्या अंगावर आपटून वळलेली. आपल्याला गोळी लागली आहे याचा त्यांना स्वतःलाही प्रथम पत्ता नव्हता. रक्षकाने गाडीत ढकलले त्यात बरगडी मोडली असावी, अशी त्यांची समजूत झाली. डाव्या काखेखालची बारीकशी चीर रुग्णालयात दिसून आली, तेव्हा गोळी हृदयापासून इंचभर अंतरावर रुतली होती आणि रक्तस्राव इतका झाला होता की प्राण वाचले ते तत्पर शल्यचिकित्सेमुळेच. वेदना नाही त्या अर्थी इजा नाही, हा तर्क स्वतःच्या देहाच्या बाबतीतही माणसाला कसा दगा देतो, याचे याहून बोलके उदाहरण मला आठवत नाही.

या समजाला काहीच आधार नाही असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. बॉस्टन शहरातील 2010 ते 2014 या काळातील गोळीबारांचा ब्रागा आणि कुक या अभ्यासकांनी जो तपास केला, त्यात गोळीचा व्यास वाढतो तसा मृत्यूचा संभवही ठळकपणे वाढतो, असेच दिसून आले. उलट बाजूलाही अतिशयोक्ती आहेच: .22 ची गोळी एकदा देहात शिरली की हाडाहाडांवर आपटत सर्व अवयवांतून भ्रमण करते, असे रंगवून सांगणारे लोक भेटतात. हाडावर आपटून ती वळते हे खरे, पण भ्रमंती करण्याइतकी शक्ती तिच्यात उरत नाही. भयाची असत्ये निश्चिंतपणाच्या असत्यांहून पवित्र असतात असे मी मानीत नाही. परंतु तुलनेने कमी घातक ते घातकच नव्हे, ही जी उडी आपले मन सहज मारते, ती शस्त्रविद्येची चूक नसून धर्मविचाराची चूक आहे, आणि माझा रोख तिच्यावर आहे.

हिंसेची व्याख्या करताना जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात शस्त्राचा आकार, जखमेची खोली किंवा रक्ताचे माप यांपैकी कशालाही स्थान दिले नाही. प्रमादयुक्त वर्तनाने होणारा प्राणघात ती हिंसा, असे त्यांनी सांगितले. कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार तर याच्याही पुढे जाते: जीव मरो वा जगो, जो बेसावधपणे वागतो त्याची हिंसा निश्चित झाली, आणि जो पूर्ण सावधगिरीने पाऊल टाकतो त्याच्या पायाखाली एखादा जीव आला तरी त्याला तेवढ्याने बंध नाही. आपला फौजदारी कायदा इथे दोन पावले मागे राहतो. बेदरकारपणाने किंवा हयगयीने मृत्यू घडविणाऱ्याला तो शासन करतो, पूर्वी दंडसंहितेच्या 304-अ कलमाखाली आणि 2024 पासून न्यायसंहितेच्या 106 व्या कलमाखाली. पण त्यासाठी कोणीतरी मेलेले असावे लागते, पंचनामा व्हावा लागतो, साक्षीदारांच्या जबान्या व्हाव्या लागतात. ‘भरलेली नाही’ असे गृहीत धरून घरातल्या घरात बंदुकीची नळी पोरांकडे वळविणारा गृहस्थ, सुदैवाने काही घडले नाही तर, त्या कलमाच्या दप्तरी निर्दोषच राहतो. जैन आचार्यांच्या हिशेबी तो निर्दोष नाही, आणि मला त्यांचाच हिशेब चोख वाटतो.

बौद्ध विचार चेतनेला, म्हणजे हेतूला, प्राधान्य देतो. तेव्हा ‘माझा हेतू नव्हता’ ही सबब तिथे तरी चालेल, असे कोणाला वाटेल. परंतु जाणून पाप करणारा अधिक दोषी की नकळत करणारा, या मिलिंद राजाच्या प्रश्नाला भिक्षू नागसेनाने दिलेले उत्तर प्रथमदर्शनी चमत्कारिक आहे. नकळत करणारा अधिक दोषी, असे तो म्हणतो. कारण तापून लाल झालेला लोखंडी गोळा जो न जाणता मुठीत धरतो, तोच अधिक भाजतो. न्यायाधीशाला हे उत्तर पटणार नाही. मात्र लहान शस्त्राच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, कारण ज्याला भय ठाऊक असते त्याची पकड मुळातच निराळी असते.

व्यक्तीचा हा प्रमाद राज्ययंत्रणेने उचलला म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच देशात घडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यांनी जाड शिशाच्या गोळ्या सोडून कमी व्यासाच्या, धातूचे आवरण असलेल्या गोळ्या स्वीकारल्या, तेव्हा युरोपात त्यांचे ‘दयाळू’ म्हणून कौतुक झाले. स्वच्छ भोक पडेल, सैनिक रणातून बाद होईल आणि पुढे बराही होईल, असा तो युक्तिवाद. 1895 च्या चित्रळ मोहिमेत .303 च्या गोळ्या खाऊनही पठाण चालून येत राहिले, अशी तक्रार इंग्रज सैन्यातून झाली, आणि ही दया लागलीच महाग वाटू लागली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात गोळीचे टोक उघडे ठेवून ती देहात फुलावी अशी योजना झाली. आकार तोच, जखम मात्र विदारक. 1899 च्या हेग परिषदेत ही गोळी निषिद्ध ठरविण्याचा जाहीरनामा आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डाग यांनी असा बचाव मांडला, की सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. म्हणजे लहान गोळीची अहिंसकता हा केवळ एक तांत्रिक अंदाज होता, आणि तो चुकला तेव्हा दोष शत्रूच्या संस्कृतीवर ढकलला गेला. दयेचे माप गोळीच्या व्यासात शोधणाऱ्यांना याहून वेगळे काही सापडणे शक्यच नव्हते. ब्रिटनने त्या जाहीरनाम्यास मान्यता दिली ती 1907 साली; अमेरिकेने अद्याप दिलेली नाही.