मी तपासलं होतं

पहिल्या नोकरीत माझ्या हातून एक चूक झाली. पगाराच्या स्लिपा बनवून ईमेल करणारा प्रोग्रॅम मी सीमध्ये लिहिला होता. प्रत्येक स्लिप आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये जायची. फाइलचं नाव मी तारीख-वेळेवरून बनवायचो, त्या नावाची फाइल आधीच आहे का ते बघायचो, नसेल तर उघडायचो. एका महिनाअखेरीस प्रोग्रॅम दोनदा, एकाच सेकंदाला सुरू झाला. दोन्हीकडून बघितलं गेलं, फाइल नव्हती. दोन्हीकडून तीच फाइल उघडली गेली. एकाचा पगार दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये गेला.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "मी तपासलं होतं." वाक्य शंभर टक्के खरं होतं. तरी बोलताना आपण खोटं बोलतोय असं का वाटलं?

सीमध्ये हा घोळ जुना आहे. १९८९ च्या प्रमाणित सीमध्येच टीएमपीनॅम नावाचं फंक्शन आहे. ते असं नाव देतं, ज्या नावाची फाइल त्या क्षणी नसते. पण देतं फक्त नाव. नाव मिळणं आणि फाइल उघडणं यांच्यात एक फट उरते. लिनक्सवरचं टीएमपी फोल्डर सगळ्यांना खुलं असतं. त्या फटीत कोणी त्याच नावाची लिंक ठेवली, तर आपला प्रोग्रॅम भलत्याच फाइलवर लिहून बसतो.

एमकेएसटेम्प हे फंक्शन नमुन्यातल्या शेवटच्या सहा एक्सच्या जागी नवी अक्षरं घालतं. ६२ चिन्हं, सहा जागा, म्हणजे ५,६०० कोटींहून जास्त नावं. पण खरी सुरक्षितता या आकड्यात नाही. ते कर्नलला सांगतं: ही फाइल बनव, आधीच असेल तर नकार दे. बघणं आणि धरणं ही एकच कृती. नकार आला, तर दुसरं नाव.

एसटी स्टँडवर हे सगळ्यांना कळतं. खिडकीतून रिकामी सीट बघून दाराकडे पळणारा उभाच राहतो. बघता बघता रुमाल टाकणाऱ्याला सीट मिळते.

मग 'तपासलं होतं' यात गफलत कुठे आहे? ते वाक्य भूतकाळाबद्दल खरं असतं, आणि आपण ते वर्तमानासाठी वापरतो. शिवाय ते माझ्याबद्दल असतं. ज्याची स्लिप भलतीकडे गेली, त्याला मी काय बघितलं याच्याशी घेणंदेणं नाही. त्याची गोष्ट मी सांभाळली का, एवढाच त्याचा प्रश्न.

आयुष्यात प्रत्येक गोष्ट अशी धरून ठेवता येत नाही, हेही खरंच. रविवारी फोनवर आई बरी होती, म्हणून गुरुवारी कोणी विचारलं की आपण "बरी आहे" म्हणतो. तिथे कर्नल नाही. पण "रविवारी बोललो तेव्हा बरी होती" असं म्हणता येतं. आणि पुन्हा फोन लावता येतो.

कोडमधली दुरुस्ती काही ओळींची होती. वाचलेला पगार मात्र न वाचलेला करता येत नाही. त्या माणसाला मी माफीचा ईमेल लिहिला. पहिल्या मसुद्यात 'मी तपासलं होतं' हे वाक्य होतं. पाठवण्याआधी ते काढलं.