रुळायचे कोणी?



घरभेटीला गेलो की एक वाक्य आमच्या कानांवर हमखास पडते: "सून चांगली आहे, फादर, पण अजून रुळली नाही." मध्यंतरी एका आजींनीही तेच सांगितले. सून मंगळूरची, लग्नाला तीन वर्षे झालेली. तिला कादोडी समजते, पण बोलताना अडखळते. जपमाळ ती हळू आवाजात कोकणीतच म्हणते.

थोड्या वेळाने कॅनडातल्या लेकीचा विषय निघाला. "तिकडचं सगळं शिकली हो, पण तिथली माणसं तिला अजून आपली मानत नाहीत," असे म्हणताना आजींचे डोळे भरून आले. दोन्ही वाक्ये एकाच खुर्चीत बसून उच्चारलेली होती. त्यांतला विरोध आजींच्या ध्यानी आला नव्हता. खरे सांगायचे तर, परतीच्या वाटेवर येईपर्यंत तो आमच्याही आला नव्हता.

'रुळणे' या शब्दाकडे जरा निरखून पाहू या. सून रुळते, भाडेकरू रुळतो, नवा शिक्षक रुळतो. घर सुनेशी रुळले का, असे मात्र आपण कधी विचारत नाही. बदलायचे कोणी, याचा निवाडा शब्दातच होऊन गेलेला असतो.

अभ्यासकांना हा पेच ठाऊक होता. 1936 साली रेडफिल्ड, लिंटन आणि हर्स्कोव्हिट्स या तीन अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी संस्कृतिसंक्रमणाची व्याख्या मांडली. वेगवेगळ्या संस्कृतींचे गट सतत एकमेकांच्या सहवासात आले की एका गटात किंवा दोन्ही गटांत बदल घडतात, असे त्यांनी म्हटले. पुढे व्यवहारात 'दोन्ही' हा शब्द गळाला आणि बदलाचे ओझे नवागताच्या डोक्यावर आले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी नवागतापुढचे दोन प्रश्न वेगळे केले: आपले जपायचे का? आणि इतरांशी नाते जोडायचे का? दोन्हींना 'होय' म्हणणारा एकरूप होत नाही, पण सामील होतो. मात्र ही निवड त्याच्या एकट्याच्या हाती नसते. यजमानांनी दार उघडले तरच त्याला ती करता येते.

मग घराने आपली रीत सोडून द्यायची का? तसे नाही. नवागताला भाषा शिकावी लागते, घराची शिस्त समजून घ्यावी लागते. त्याचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे. पण मोठा वाटा म्हणजे सगळा भार नव्हे. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, त्याला एक पाऊल पुढे टाकणे सोपे असते. म्हणूनच न्यायाच्या दृष्टीने त्याचेही काही देणे लागते.

पवित्र शास्त्रातील रूथ आठवा. सासूचे लोक आणि सासूचा देव तिने आपला मानला. याहून अधिक ती काय बदलणार होती? तरीही बेथलेहेमात तिच्या नावामागचे 'मवाबी' हे बिरुद सुटेना. अखेर त्याच गावच्या बायकांनी नामीला सांगितले की ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. रूथ तर वाटेतच बदलली होती. शेवटी बदलले ते बेथलेहेम, आणि त्या परकीच्या वंशात दावीद जन्मला.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात एवढेच करू या. घरात बाहेरून आलेली सून असेल, तर जपमाळेचा एक भाग तिच्या भाषेत म्हणायला तिला सांगा आणि आपण तो तिच्यामागून म्हणा. शेजारी नवे भाडेकरू आले असतील, तर त्यांचे नाव नीट उच्चारायला शिका. आम्हीही त्या आजींच्या घरी पुन्हा जाणार आहोत. या वेळी सून रुळली का, हे आम्ही विचारणार नाही. घर किती रुळले, ते विचारू.