कुपीवरची मदीना

हजयात्री परतले की खजूर आणि झमझमबरोबर अत्तराच्या इवल्याशा कुप्याही आप्तेष्टांत वाटल्या जातात. कुपीवर हिरव्या घुमटाचे चित्र असते आणि सोनेरी अक्षरांत मदीनेचे नाव. ज्यांना त्या पवित्र भूमीचे दर्शन अजून घडलेले नाही, ते बूच उघडतात, डोळे मिटून दरूद म्हणतात आणि वास घेतात. वास गोड असतो, उग्रही असतो. पण मदीना काही येत नाही. जे तेथे राहून आले, त्यांनाही हा वास तेथे नेमका कोठे आला होता ते आठवत नाही. वाचकहो, या निराशेस क्षुल्लक समजू नका. ज्या वृद्ध मातेची हजची पुंजी कधीच जमली नाही, तिने त्या थेंबाकडून फार मोठी अपेक्षा केलेली असते.

सुगंधाशी आपल्या धर्माचे वैर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना सुगंध प्रिय होता. कोणी सुगंधाची भेट दिली तर ते ती परत करीत नसत, आणि जुम्याच्या दिवशी स्नान करून सुगंध लावण्याची त्यांनी शिकवण दिली. अत्तर जरूर लावावे. प्रश्न आहे तो नावाचा.

कुपीत असते तरी काय? ज्याला आपण अरबस्तानचा समजतो तो ऊद आसामच्या आणि आग्नेय आशियाच्या अरण्यांतील अगरूच्या झाडापासून मिळतो. निरोगी झाडाच्या लाकडाला तो सुगंध नसतो. खोडाला जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला की झाड काळसर राळ निर्माण करते, आणि दरवळते ती राळ. कस्तुरी हिमालयातील मृगाची; त्याच्या शिकारीस कायद्याने बंदी असल्याने स्वस्त कुपीतील ‘मुश्क’ कारखान्यातच तयार होतो. प्रसिद्ध गुलाब ताइफचा, तो तर मक्केजवळच्या डोंगराळ भागातला. मग मदीनेचे काय राहिले? फक्त चिठ्ठी!

व्यापाऱ्याने हे सरळ सांगून विकले तर त्यात दोष नाही. परंतु हा रौजा मुबारकचाच वास आहे, अशी भोळ्या ग्राहकाची समजूत करून देऊन चौपट दाम घेणे ही फसवणूक आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना आतली ओल लागली होती. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगताच, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे स्पष्ट बजावले. आज ओले धान्य झाकण्यासाठी पवित्र नाव वापरले जाते, ही अधिक खेदाची गोष्ट आहे. केवळ अत्तरवालेच तसे करतात असे नाही. ‘मदीना’ नावाच्या दुकानातही मापात पाप होऊ शकते.

त्या नगरीचे पूर्वीचे नाव यस्रिब. पुढे तिला तैबा हे नाव मिळाले, आणि ज्या धातूपासून ते आले त्यातूनच सुगंधासाठीचा अरबी शब्दही आला आहे. हे नाव तिने कशाने मिळवले, ते माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्या हकिकतीत पाहावे. सर्वस्व मक्केत सोडून ते आले, तेव्हा त्यांचे अन्सारी बंधू माननीय सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता पुढे केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तेथे तूप आणि सुके पनीर विकून त्यांनी कमाई केली. काही दिवसांनी ते आले तेव्हा त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधी द्रव्याचा डाग होता. प्रेषितांनी (स.) विचारले, तेव्हा कळले की त्यांचा एका अन्सारी स्त्रीशी विवाह झाला आहे. एका बकऱ्याचा का होईना, वलीमा करा, असा आदेश मिळाला. देणाऱ्याने अर्धे घर देऊ केले, घेणाऱ्याने फुकटचे घेतले नाही, आणि निर्वासित माणूस नवरदेव झाला. मदीनेत त्या दिवशी जो सुगंध दरवळला तो हा. आपल्या मोहल्ल्यात परगावाहून आलेल्या, भाड्याची खोली शोधणाऱ्या कुटुंबाला तो कधी येतो काय?

आणखी एक बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. मदीनेहून मक्केस निघालेला यात्री जुलहुलैफा येथे इहराम बांधतो, आणि तेथून पुढे त्याला सुगंध लावण्यास मनाई होते. मदीनेच्या नावाची ती कुपी नेमकी मदीनेच्या वेशीवरच बंद करून पिशवीत ठेवावी लागते. लाखो लोक काबागृहाभोवती फिरतात ते घामाने भिजलेल्या, न शिवलेल्या दोन वस्त्रांत.

प्रेषितांच्या (स.) हजच्या वेळी अरफातवर एक यात्री उंटावरून पडला आणि मान मोडून मरण पावला. त्याला पाण्याने व बोरीच्या पाल्याने स्नान घालावे, त्याच्याच दोन वस्त्रांत कफन द्यावे, मस्तक झाकू नये आणि सुगंध मुळीच लावू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, कारण कयामतच्या दिवशी तो लब्बैक म्हणतच उठणार होता.