कोड सर्वांचा, चाव्या कोणाच्या?

परदेशी कंपन्यांच्या कचाट्यातून सुटायचे तर ओपन सोर्स वापरा, हा सल्ला आता सरकारी बैठकांपासून विद्यापीठांच्या परिसंवादांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण आणल्यापासून त्याला राजमान्यताही मिळाली आहे. सल्ला चुकीचा नाही. खटकते ते एवढेच की त्यापुढची सारी चौकशी परवान्यापाशी येऊन थांबते. जीपीएल आहे, अपाची आहे, एमआयटी आहे, एवढी खात्री झाली की सॉफ्टवेअर ‘आपले’ झाले असे समजून मंडळी चहाला उठतात. त्याचे नाव कोणाच्या मालकीचे, नवी आवृत्ती बाहेर काढण्याचा अधिकार कोणाकडे, तो माणूस उद्या चिडला, दमला किंवा वारला तर पुढे काय, हे प्रश्न कारकुनी ठरतात. माझ्या मते खरे राजकारण या कारकुनी प्रश्नांतच आहे.

वर्डप्रेसचे उदाहरण ताजे आहे. जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी दोन या सॉफ्टवेअरवर चालतात. परवाना जीपीएल, म्हणजे स्वातंत्र्याच्या बाबतीत सोवळ्यातला. त्याचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग हे ऑटोमॅटिक या कंपनीचेही प्रमुख. डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी वर्डप्रेसवर बक्कळ कमावते आणि प्रकल्पाला पुरेसे परत देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य असेलही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी वर्डप्रेस डॉट ऑर्गची दारेच त्या कंपनीला बंद केली, आणि तिच्या ग्राहकांच्या संकेतस्थळांना प्लगिनच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या. या ग्राहकांचा भांडणाशी सुतराम संबंध नव्हता. ऑक्टोबरात डब्ल्यूपी इंजिनचे ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे लोकप्रिय प्लगिन त्याच पत्त्यावर, नाव बदलून, ताब्यात घेतले गेले. डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रवेश पूर्ववत करायला लावला. या सगळ्या काळात वर्डप्रेसचा कोड जसाच्या तसा सर्वांना खुला होता.

घोटाळा होता जागेचा. व्यापारचिन्ह २०१० मध्ये स्थापन झालेल्या वर्डप्रेस फाउंडेशनकडे आहे, त्यामुळे वर्डप्रेस डॉट ऑर्ग हे संकेतस्थळही फाउंडेशनचेच असणार असे अनेक जण धरून चालले होते. ते मुलेनवेग यांचे वैयक्तिक आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना हा प्रकार उलगडून सांगायला नको. सदनिका तुमची, देखभालीचा खर्च तुमचा, पण कन्व्हेयन्स झालेले नाही आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर. पुनर्विकासाची वेळ येईपर्यंत त्याचे कोणाला काही वाटत नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते: ‘पटत नसेल तर फोर्क करा.’ हे म्हणणारी माणसे हुशार असतात, म्हणून त्याचा सविस्तर समाचार घ्यायला हवा. कोड उचला, नव्या नावाने प्रकल्प काढा, लोकांना पटले तर तुमच्यामागे येतील. नेत्याच्या डोक्यावर ही तलवार कायम टांगलेली असताना घटना, निवडणुका, समित्या कशाला? युक्तिवाद देखणा आहे. त्यात कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, कोणी कोणाला उत्तर द्यायचे नाही; नाराज माणसाने उठून चालू लागायचे, बस्स.

पण चालू लागणारा माणूस बरोबर काय नेतो? कोड नेतो, त्याचा इतिहास नेतो. नाव नेत नाही. डोमेन नेत नाही. लाखो यंत्रे ज्या पत्त्यावर रोज जाऊन ‘नवे काही आले का’ असे विचारतात, तो पत्ता नेत नाही. आवृत्तीवर सही करण्याची किल्ली नेत नाही. या साऱ्या गोष्टींचा गुण असा की त्यांची नक्कल होत नाही. परवाना, कितीही उदार असला तरी, ज्याची नक्कल करता येते त्यापुरताच बोलतो. बाकीच्या ठिकाणी तो मुका असतो, आणि सत्ता नेमकी तिथे जाऊन बसते.

फोर्कवाल्यांचे लाडके उदाहरण लिब्रेऑफिसचे. ओपनऑफिसमागची सन कंपनी ओरॅकलने २०१० मध्ये घेतली, ओपनऑफिसचे कार्यकर्ते अस्वस्थ झाले, त्यांनी त्याच वर्षी डॉक्युमेंट फाउंडेशन काढून लिब्रेऑफिस सुरू केले आणि ते पुढे गेले. बरोबर. पण ‘ओपनऑफिस’ हे नाव ओरॅकलकडे राहिले आणि २०११ मध्ये अपाची या संस्थेकडे गेले. तिकडचे काम जवळजवळ थंडावल्यावरही लोक सवयीने तेच नाव शोधत राहिले. शेवटी २०२० मध्ये डॉक्युमेंट फाउंडेशनला अपाची ओपनऑफिसला जाहीर पत्र लिहून विनवावे लागले की बाबांनो, तुमच्याकडे येणाऱ्यांना आमचा पत्ता तरी सांगा. फोर्क होऊन दहा वर्षे उलटल्यावरची ही गोष्ट. ज्यांनी कोडची लढाई केव्हाच जिंकली होती, ते नावापुढे हात जोडून उभे होते.

दुसरे उदाहरण नोड डॉट जेएसचे. ते सांभाळणाऱ्या जॉयंट कंपनीच्या कारभाराला कंटाळून काही जणांनी डिसेंबर २०१४ मध्ये आयओ डॉट जेएस काढले, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही प्रवाह एक झाले. फोर्कच्या धाकाने कंपनी वठणीवर आली, असे याचे वर्णन होते. एकत्र येताना ठरले काय, हे मात्र कोणी सांगत नाही. ठरली एक प्रतिष्ठान आणि तांत्रिक समितीची लेखी व्यवस्था. म्हणजे फोर्क हे कारभाराच्या मागणीचे साधन होते, आणि कारभाराला पर्याय म्हणून त्याचाच दाखला दिला जातो!

वर्डप्रेसमध्ये तर फोर्कची तलवार २००३ पासून टांगलेली होती, तरी २०२४ ला कोणाचा हात अडला नाही. आणि त्यानंतर विरोधकांनी केलेला सर्वांत गंभीर प्रयत्न कोणता? वर्डप्रेसचा फोर्क नव्हे. २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ हा प्रकल्प निघाला, तो प्लगिन आणि सुधारणा एकाच मध्यवर्ती ठिकाणाहून न येता अनेक ठिकाणांहून मिळाव्यात यासाठी. कुठे दुखते आहे हे त्यांना बरोबर कळले होते. शिवाय फोर्क करणार कोण? ज्याच्याकडे प्रोग्रामर आहेत, सर्व्हर आहेत, वकील आहेत तो. सांगलीतल्या छापखानेवाल्याला संकेतस्थळाची सुधारणा थांबली की कोड खुला असल्याचे सांगणे, ही थट्टा आहे.

इतर आक्षेपांना इतकी जागा देण्याचे कारण दिसत नाही. पैसा मिळाला की सगळे सुटेल म्हणणाऱ्यांनी वर्डप्रेसकडेच पाहावे. तिथे पैशाची वाण नव्हती. समित्यांनी प्रकल्प मरतात असे वाटणाऱ्यांनी डेबियन १९९८ पासून लेखी घटनेवर, दरवर्षी प्रमुखाची निवडणूक घेत चालले आहे हे पाहावे. (तिथे मतदानाचा हक्क ज्यांची किल्ली डेबियनच्या किल्ल्यांच्या यादीत आहे त्यांना असतो. मला ही रचना फार आवडते.) लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्सवर उत्तम चालले आहे हे खरे, पण एका माणसाच्या प्रकृतीवर सिद्धांत उभारता येत नाही.

इथे लोकशाही की हुकूमशाही हा वादही मला दुय्यम वाटतो. पायथॉनमध्ये गिडो व्हॅन रॉसम यांना ‘आजीव हितकारी हुकूमशहा’ असेच गमतीने म्हणत. जुलै २०१८ मध्ये, भाषेत एक छोटे चिन्ह आणण्यावरून झालेल्या कडवट वादानंतर, ते पायउतार झाले. वारस नेमणार नाही, तुमचे तुम्ही ठरवा, असे सांगून. मग कारभाराचे सात प्रस्ताव आले, मतदान झाले, आणि पाच जणांचे निवडून आलेले सुकाणू मंडळ आले; एकाच कंपनीचे दोनांहून अधिक सदस्य त्यात असू शकत नाहीत. बहुतेक लेखक इथे लोकशाहीचा जयजयकार करतात. मला त्याआधीची गोष्ट महत्त्वाची वाटते. पायथॉनचे व्यापारचिन्ह सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे होते, आणि ते फाउंडेशन २००१ पासूनचे. हुकूमशहा गेला तेव्हा त्याच्या खिशात न्यायला फारसे काही नव्हते. सत्तांतर शांतपणे झाले याचे श्रेय निवडणुकीला द्यावे तितकेच, कदाचित अधिकच, या रिकाम्या खिशाला द्यावे लागेल.

खरा अवघड प्रश्न लहान प्रकल्पांचा आहे, आणि तिथे मलाही जरा जपून बोलावे लागेल. एक्सझेड युटिल्स हे फायली दाबून लहान करणारे साधन, लासे कॉलिन हा एकच माणूस ते वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळत होता. अशा ठिकाणी घटना लिहा म्हणणे हास्यास्पद आहे. २०२१ पासून ‘जिया टॅन’ नावाने कोणी तरी मदत करू लागले. २०२२ मध्ये नव्या मेंटेनरला अधिकार द्या म्हणून काही अनोळखी नावांनी दबाव आणला. हळूहळू आवृत्ती बाहेर काढण्याचा अधिकार जिया टॅनकडे गेला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचे कोडे पडले नसते, तर जिया टॅनने त्यात दडवलेले चोरदार (बॅकडोअर) जगभरच्या लिनक्स यंत्रांत बसले असते. कोड तर खुला होता! पण चोरदार जोडणारी ओळ सार्वजनिक रिपॉझिटरीत नव्हती. ती होती फक्त अधिकृत म्हणून बांधलेल्या गठ्ठ्यात, जो बांधण्याचा अधिकार एका हाताला होता. हजार डोळे कोड वाचत होते असे धरले, तरी ते चुकीच्या जागी पाहत होते.

इथे लागणारा कारभार अर्ध्या पानात मावतो. आवृत्तीचा गठ्ठा एकट्याने बांधायचा नाही. किल्ली कोणाकडे, त्याच्यानंतर कोणाकडे, कोणती कोणाला कधीच द्यायची नाही. हे उघडपणे लिहायचे. भांडाफोड झाल्यावर गिटहबने ती रिपॉझिटरी बंद केली, जिया टॅनबरोबर खुद्द कॉलिन यांचेही खाते गोठवले. तरी कॉलिन दुसऱ्याच दिवशी लोकांशी बोलू शकले, कारण प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ आणि त्यावरची रिपॉझिटरी यांचा ताबा त्यांनी एकट्याने आपल्याकडे ठेवला होता. जिया टॅनचा हात गिटहबवर जे होते तिथपर्यंतच पोहोचत होता.