तीनशे ते चौतीसशे

सिडकोनं वसवलेल्या नवीन पनवेलमधल्या एका चार मजली इमारतीत ही गोष्ट घडली. घर दोन खोल्यांचं. फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या, त्यामुळे बोललेलं जरा घुमतं. आजी, मुलगा, सून आणि नातू असं चौघांचं कुटुंब. आजींची सगळी नोकरी मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक बुकिंगवर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देण्यात झालेली. निवृत्तीनंतर त्यांना दोनच गोष्टींची ओढ राहिली, संध्याकाळच्या बातम्या आणि टीव्हीवर लागणारी नाटकं.

दिवाळीच्या आधी घराला रंग काढला. त्या निमित्तानं शोकेसवरचा टीव्ही उचलून भिंतीवर उंच लावला. नवा सोफा आला, म्हणून आजींची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी सरकली. थोड्याच दिवसांत आजी म्हणू लागल्या, "आवाज येतो रे, पण बोललेलं कळत नाही." मुलानं आवाज वीसवरून पस्तिसावर नेला. आजी म्हणाल्या, "तो खाली होता तेव्हा बरं होतं." म्हातारपणी जुनंच बरं वाटतं, असं समजून हे वाक्य सगळ्यांनी सोडून दिलं. आजींचे कान गेले, हा निकाल घरात न बोलताच लागला.

नातू इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होता. आजीवर त्याची माया होती आणि हाताशी विद्या होती. टीव्हीचे स्पीकरच बदलायचे, असं त्यानं ठरवलं. सेट खाली उतरवला, प्लग काढला आणि बराच वेळ थांबला, कारण प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो. मग मागचे स्क्रू काढले. आत खालच्या कडेला काळ्या प्लास्टिकच्या दोन अरुंद डब्या होत्या. त्यांच्यावर ८ ओहम, १० वॅट असं छापलेलं, आणि दोन्हींची तोंडं जमिनीकडे.

इथं जरा थांबायला हवं. जुन्या डबा टीव्हीचा स्पीकर पुष्कळदा पडद्याच्या बाजूलाच, समोर तोंड करून असायचा, आणि त्याच्यामागे हवेला भरपूर जागा असायची. आता पडद्याभोवतीची चौकट बोटभरही नको असते, म्हणून स्पीकर खाली किंवा मागे दडवतात. दुकानात आपण चित्र निरखून पाहतो. त्या गलक्यात आवाज कोण तपासणार? कारखानदार तेच सुधारतो जे गिऱ्हाईक बघतं. घरात लाखो म्हातारी माणसं कान ताणून ऐकत बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नातू लोकलनं सीएसएमटीला गेला आणि तिथून लॅमिंग्टन रोडला. गाडीत बसवतात तसले चार इंची स्पीकर त्यानं आणले. ते सेटच्या आत मावणारच नव्हते, म्हणून लाकडी पेट्या करून वायरी बाहेर काढल्या. पहिल्या संध्याकाळी आवाज भरदार आला आणि मध्येच बंद पडला. गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. सेटमधला अँप्लिफायर ८ ओहमच्या हिशेबानं केलेला. निम्म्या ओहमवर त्याच्यातून दुप्पट करंट ओढला जातो, तो तापतो आणि स्वतःला वाचवायला थांबतो. नातवानं मूळचे स्पीकर पुन्हा जोडले, वेगळा अँप्लिफायर बोर्ड आणला आणि त्याच्या जोडीला एक सबवूफरही. आता ढगांचा गडगडाट पोटात जाणवू लागला. शोकेसमधल्या कपबशा थरथरल्या. खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन सांगून गेले.

आजी नातवाच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "छान गडगडतंय बाळा. ती माणसं काय बोलतायत पण?"

नातवाचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तो रूळ ओलांडून जुन्या पनवेलला गेला. टपाल नाक्याकडे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांचं छोटं दुकान होतं. त्यांनी व्हॉल्व्हच्या रेडिओपासून सगळं पाहिलेलं. काका संध्याकाळी घरी आले. हत्यारांची पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली आणि आजींना विचारलं, "काकू, जरा तुमच्या खुर्चीत बसू का?"

बसले. बातम्या लावायला सांगितल्या. डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं. मागून रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या, स्वयंपाकघरातून मिक्सर. मग विचारलं, "काकू, कधीपासून कळेनासं झालं?"

"टीव्ही वर चढला तेव्हापासून. सांगितलं होतं मी यांना."

काका उठले आणि टीव्हीखाली हात धरून उभे राहिले. "आवाज इथून खाली पडतो. आधी सेट शोकेसवर होता, तेव्हा खालच्या फळीवर आपटून तो समोर यायचा. आता खाली बाहुल्या, फुलदाण्या आणि भरतकामाचा रुमाल आहे. जाड आवाजाला त्याचं काही वाटत नाही. शंभर हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती सगळ्याला वळसा घालून जाते. तीन हजार हर्ट्झची लाट अकरा-साडेअकरा सेंटिमीटरची. ती सरळ जाते, वाटेत काही आलं की अडते. आणि शब्द ओळखू येतो तो तिच्यावर. 'पास' की 'तास' की 'कास', हे तीच सांगते."

मग त्यांनी आजींना विचारलं, "नोकरी कुठं होती?"

"टेलिफोनमध्ये. ट्रंक बुकिंग. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, सगळे कॉल लावले."

काका हसून नातवाकडे वळले. "अरे, तुझ्या घरात बसलीय बोलणं ऐकण्यातली जाणकार बाई, आणि तू माझ्याकडे आलास!"

आजी सावरून बसल्या. त्यांचा आवाजच बदलला. "टेलिफोनात ढोलकी नीट ऐकू यायची नाही, तबला नाही. पण माणसाचं नाव, गाव, नंबर कळायचं. वर्षानुवर्षं तेवढ्यावरच काम केलं. फक्त एस आणि एफ गोंधळायचे, म्हणून आम्ही ‘एस फॉर सोलापूर’ म्हणून घ्यायचो."

"बरोबर," काका म्हणाले. "टेलिफोनची लाइन तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढंच नेते. 'स' आणि 'फ' यांचा फरक बराचसा त्याच्या वर राहतो, म्हणून तेवढे गोंधळायचे. पण बाकी सगळं बोलणं त्यात मावतं. आणि बाळा, तुझा सबवूफर काम करतो तीनशेच्या खाली. जाड आवाज जोरात असला की बारीक आवाज त्याच्याखाली झाकला जातो. तू पैसे खर्चून आजींचे शब्द झाकलेस."

पुढचं काम तासाभराचं होतं. सबवूफरची वायर काढली. नातवाच्या दोन पेट्यांपैकी एक आजींच्या खुर्चीशेजारी तिपाईवर, कानाच्या उंचीला आली. दहा फुटांवरून येणारा आवाज आता अडीच फुटांवरून येणार होता. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं वाढतो, इथं ते दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा; घुमणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. बोर्डाची जोडणी टीव्हीच्या ऑडिओ आउटमधून केली. खुर्ची बाल्कनीच्या दारापासून आत घेतली. मग काकांनी बेस आणि ट्रेबलच्या कळा आजींच्या हाताखाली दिल्या आणि म्हणाले, "तुम्हीच लावा."

आजींनी बेस डावीकडे पार उतरवला. ट्रेबल थोडा चढवला, ऐकलं, जरा मागे घेतला. निवेदिका पावसाच्या बातम्या देत होती. आजी तिच्यामागोमाग गावांची नावं म्हणू लागल्या: पेण, पाली, कर्जत, खालापूर. एकही चुकलं नाही. टीव्हीचा आवाज बावीसवर होता.

निघताना काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितली याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. "काकू, खोलीचं निस्तरलं. कानांचंही एकदा बघून घ्या. वयानं आधी बारीक आवाजच जातात." त्याप्रमाणे नातू त्यांना वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्याला घेऊन गेला. तिथं अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. तपासणीचा आलेख उजवीकडे उतरत गेलेला निघाला. आजींना कानातलं यंत्र मिळालं. त्याची सवय व्हायला वेळ लागला, पण तिपाईवरची पेटी त्यांनी काढू दिली नाही.

काही दिवसांनी खालचे शेजारी पुन्हा वर आले. या वेळी तक्रार नव्हती. त्यांच्या वडिलांना मालिकेतलं बोलणं कळेना, मुलगा जरा येऊन स्पीकर बदलून देईल का? नातू हत्यारांची पिशवी घ्यायला आत वळला.

"ती राहू दे," आजी चपला पायात सरकवत म्हणाल्या. "आधी त्यांच्या खुर्चीत बसून बातम्या ऐकू. आणि त्यांना विचारू, कधीपासून."